अडलेले गणित घेऊन या

प्रा. साळवे गेले, हे त्यांच्या कन्येने मला फोनवर कळवले, त्याला पाच आठवडे झाले. आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाने वस्तुस्थिती मान्य करावी. मी अद्याप केलेली नाही...

शेजारी देशांतील गणितज्ञांना आधार देणारी त्यांची संस्था म्हणजे त्यांच्याच घराची बाहेरची खोली आणि एक फळा. वर्षातून एकदा तिथे बैठक भरे आणि नेपाळ, श्रीलंका, बांगलादेशातून माणसे येत. नियम एकच: सुटलेले गणित दाखवायचे नाही, अडलेले आणायचे. पाहुणे सभासदांच्या घरी उतरत. आमचे शहर वाढत वाढत डोंगराला भिडले होते, पण नळ कोरडे होते. त्या दुष्काळी वर्षांत सर स्वतः टँकरपाशी उभे राहून पाहुण्यांसाठी एक ड्रम भरून ठेवीत.

अशाच एका वर्षी ढाक्याची तरुण संशोधक फरझाना यायची होती. तिची सिद्धता तीन वर्षे एका ओळीपाशी अडली होती आणि ती समजू शकेल असे तिथे कोणी नव्हते. तिचा व्हिसा रखडला. विनाकारण रखडला, हे मी आजही शपथेवर सांगेन. संस्थेचा पत्रव्यवहार माझ्याकडे. मी संबंधित कार्यालयास सात पानी पत्र धाडले: कलमे, दाखले, न्यायालयात खेचण्याचा इशारा. परिणामी तिचा अर्ज कायदेशीर अभिप्रायासाठी वर गेला आणि बैठकीपूर्वी खाली आलाच नाही.

सर मूळचे सोयगावचे. म्हणाले, "वकीलसाहेब, पत्र लई जोरदार झालं. भांडण तुम्ही जिंकलं, पोरगी मात्र तिथंच राहिली की!"

मी राजीनामा पुढे केला. तो वाचून त्यांनी विचारले, "यातबी कलमं घातली व्हय?"

बैठकीत फरझाना ढाक्याहून फोनवर बोलत राहिली आणि सत्तरीचे सर तिचा हात होऊन फळ्यावर लिहीत राहिले. "आहिस्ता, बेटी, चॉक बुढ्ढा है!" दोन तासांनी कोलंबोचे एक गृहस्थ उठले आणि त्यांनी ती अडलेली ओळ पुढे नेली. फोनवरून हुंदका ऐकू आला.

राजीनामा सरांनी फाडला, पण अट घातली: यापुढे प्रत्येक पत्र आधी त्यांना वाचून दाखवायचे. मी वाचत असे, धमकीचा शब्द आला की ते हात वर करीत, मी तो खोडत असे. पुढील वर्षी अशाच चार ओळींच्या पत्रावर फरझाना आली.

परवा काठमांडूच्या एका संशोधकासाठी पत्र लिहून मी त्या खोलीत गेलो. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, समोर बसल्या. वाचता वाचता 'तत्काळ कार्यवाही न केल्यास' येथे आलो आणि थांबलो.

"वाचा की," वहिनी म्हणाल्या, "हात तर कुणी वर केला नाय."

मी पेनाचे टोपण काढले.