खाली कर

सांगलीला कॅडेट बटालियनवर इन्स्ट्रक्टर हवालदार म्हणून माझं पोस्टिंग आलं, तेव्हा उंब्रजला घरचे खूश झाले. मला मात्र धाकधूक होती. जवानाच्या हातात रायफल देणं वेगळं आणि कॉलेजच्या पोराच्या हातात देणं वेगळं. ही पोरं आपल्या खुशीनं आलेली. पगार नाही, सक्ती नाही. परेडनंतर नाश्ता मिळायचा आणि काहींचं सगळं लक्ष त्या नाश्त्यावरच असायचं.

बिरू तसला नव्हता. कडेगावच्या पलीकडच्या माळावरचा, मेंढपाळाच्या घरातला. त्याला फौजेतच जायचं होतं. हुकूम कानावर पडायचा अवकाश, हा पाळून मोकळा. मला तो फार आवडायचा.

कॅम्पमध्ये फायरिंगचा दिवस आला. रायफल भरण्याचा आणि रिकामी करण्याचा सराव आदल्या आठवड्यात झाला होता, पण बिरू तेव्हा वडिलांबरोबर मेंढरांमागे गेला होता. ते माझ्या कानावर आलं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी रेंज. पोरं ओळीनं पालथी झोपलेली. मी हुकूम दिला, "फायर."

बिरूची गोळी सुटली नाही. त्यानं सकाळी रेंजवर सांगितल्याप्रमाणे हात वर केला. अशी गोळी कधी कधी उशिरा सुटते. म्हणून नळी टार्गेटकडे धरून थांबायचं आणि मगच रायफल रिकामी करायची. आम्ही थोडं थांबलो. मग मी म्हणालो, "खाली कर."

बिरूनं रायफल अलगद जमिनीवर ठेवली. नळी डावीकडे वळली, शेजारच्या सुनीलच्या बरगडीकडे. बिरूचं बोट अजून ट्रिगरपाशीच होतं.

ओरडलो असतो तर दचकून त्यानं ट्रिगर दाबला असता. परेडचा आवाज गिळला आणि घरी बोलतो तसं बोललो.

"बिरू, हलू नगंस. बोट काढ. हळू."

बोट निघालं.

"सुनील, तू बी पडून रहा. वळून बघू नगंस."

मी बाजूनं गेलो, गुडघ्यावर बसलो, नळी धरून डोंगराकडे वळवली. बोल्ट मागे ओढला. गोळी बाहेर पडली. तिच्या कडेवर रायफलच्या पिनचा हलका ठसा होता, ठोका अपुरा बसला होता.

बिरूला विचारलं, हे काय केलंस?

"तुमीच म्हणलासा, खाली कर. केली खाली."

फौजेची हिंदी. तिथे खाली म्हणजे रिकामी. सुनील हसायला लागला, मग सगळेच हसले. बिरू तेवढा रडवेला झाला.

त्याच बिरूला पुढे फौजेनं घेतलं. त्यानं पेढे आणले आणि सॅल्यूट ठोकून म्हणाला, "आता खाली म्हंजे रिकामी, सर."

दशक सरता सरता तो सरहद्दीवरून तिरंग्यात गावी आला. मी युनिफॉर्म घालून गेलो. त्याचे वडील खांद्यावर घोंगडी टाकून माझ्याशेजारी ताठ उभे होते. सकाळपासून बसलेच नव्हते. जवानांनी हवेत सलामीच्या फैरी झाडल्या. माळावर शांत झालं, तसा गार्ड कमांडरचा हुकूम आला, "खाली कर."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

"खाली बसायचं का वं आता, सायब?"

मी अर्थ सांगितला नाही.

"व्हय," म्हणालो. "बसा."

त्यांचा हात धरून मीही मातीत बसलो.