ऑपेरातली मेलेली बाई

काल कुणीतरी ग्रुपवर जर्मन ऑपेराचं लाइव्ह रेकॉर्डिंग टाकलं आणि मला डायरेक्ट उदगीरची ती दुपार आठवली, थांबा, सांगतेच. दुष्काळ होता, नवीन जिल्हा करा म्हणून बाजार बंद, शाळेला सुट्टी, आणि मामा लॅपटॉपवर असलाच एक ऑपेरा बघत होता. त्यातली बाई गात गात मेली, मी लई रडले. पण टाळ्या सुरू झाल्यावर ती उठली, लोकांनी तिला फुलं दिली आणि ती हसली. माझ्या अंगावर काटाच आला, कारण पंधरा दिवसांपूर्वीच आमच्या अज्जाला, म्हणजे मामाच्या वडिलांना, आम्ही लिंगायतांच्या रीतीनं बसवून, हार घालून मातीत ठेवलं होतं. मी विचारलं, "मामा, अज्जा पण आत उठला असंल तर?" मामा हसला, "येडे, ते नाटक हाय." मी रडायची थांबेचना, तेव्हा त्यानं गाडी काढली. जाऊन बघते तर अज्जाच्या समाधीची माती मधोमध फाटलेली. मामा म्हणाला, "पाऊस न्हाई ना, समदीच जमीन फाटलीय बघ." खरंच, सगळीकडं तशाच भेगा होत्या. तरी मी वाकून अज्जाला हाक मारली. मामा मला गप म्हणाला न्हाई, तोही कान देऊन थांबला. आता इतक्या वर्षांनी मला त्या भेगेपेक्षा मामाच्या त्या थांबण्याचंच जास्त भ्या वाटतं.