तक्त्यात एक बाई कमी

मेसेज यासीनभाईंच्याच नंबरावरून आला होता. माझ्या फोनमध्ये तो ‘यासीनभाई फॉरमॅट’ या नावानं सेव्ह आहे. त्यामुळं चौफुल्याला एसटीची वाट बघत उभी असताना मला आधी वाटलं, कुणाचा तरी संदर्भ अपुरा राहिला असेल, त्याची आठवण करून देत असतील. उघडलं तर त्यांच्या मुलीनं, रुबीनानं, लिहिलं होतं, ‘मॅडम, अब्बा आज पहाटे गेले. झोपेतच. दुपारच्या नमाजनंतर दफन आहे.’ तेवढंच. न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाणारी गाडी आली, मी चढले, बसले, तिकीट काढलं. शिरूर येईपर्यंत रडू काही आलं नाही. त्यांच्या घरी बायकांत जाऊन बसले, रुबीनानं माझा हात हातात घेतला, तेव्हा मात्र… असो. बाहेर गल्लीत पाहिलं तर उभ्या असलेल्यांपैकी निम्मे लोक कॉलेजांतले शिक्षक होते. एकमेकांच्या ओळखीचे नव्हते, पण सगळे एकाच माणसाकडून शिकलेले.

यासीनभाईंचं शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत टायपिंग आणि डीटीपीचं दुकान. मूळचे दौंडचे. तिथंच मराठी टायपिंग शिकले, पुढं शिकवायला लागले, आणि टाइपरायटर भंगारात निघाले तेव्हा कॉम्प्युटर शिकून सासुरवाडीच्या गावी, शिरूरला आले. शिक्षण बारावीपर्यंत. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, दुकानांची बिलबुकं अशी कामं करता करता कुणा प्राध्यापकानं त्यांच्याकडं शोधनिबंध टाकला. मग हळूहळू दौंड-यवतपर्यंत बातमी गेली, की नियतकालिकाला लेख पाठवायचा तर आधी यासीनभाईंच्या नजरेखालून घालावा.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले ती अपमान पचवत. मी शिरूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, राहते वरवंडला. तेव्हा पीएच.डी. चालू होती, आमच्या घरातली पहिलीच. प्रबंध सादर करायच्या आधी एक तरी शोधनिबंध छापून यायला हवा होता. सणसवाडीत भाड्याच्या खोल्यांत राहून कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायकांवर माझं काम होतं. दोन वर्षं त्या खोल्यांच्या दारात बसून मी त्यांच्याशी बोलले होते. त्यातून लिहिलेला निबंध दुसऱ्याच दिवशी परत आला. तज्ज्ञांपर्यंत पोचलाच नव्हता. ‘सूचनांप्रमाणे नाही’, एवढाच शेरा.

यासीनभाईंनी फाइल उघडली, खाली-वर फिरवली आणि विचारलं, “सूचना वाचल्या का मॅडम?” मी चाळल्या होत्या. त्यांनी त्या छापून काढल्या, पॅडला लावल्या आणि लाल पेनानं एकेक ओळ अधोरेखित करत वाचायला बसले, एखादं कोर्टाचं समन्स वाचावं तसे. माझा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता. तो युनिकोडमध्ये आणताना रफार निघून शेजारच्या अक्षरावर बसले होते, ‘श्रम’चा काहीतरी भलताच शब्द झाला होता. ते त्यांनी दोन दिवस बसून हातानं नीट केलं. समास, ओळींमधलं अंतर, गोषवाऱ्याची शब्दमर्यादा, तक्त्याचं शीर्षक वर आणि स्रोत खाली. संदर्भसूचीला तर ते पंगत म्हणत. यादीत नाव आहे पण लेखात कुठंच उल्लेख नाही, असा संदर्भ सापडला की म्हणायचे, “यांना आवतन दिलंय, पण पान मांडलं न्हाई.” आणि लेखात उल्लेख असून यादीत नसला तर, “हे जेवून गेले, आन् कुणाला पत्ता न्हाई.” मला हसू यायचं, पण त्या दोन वाक्यांत संदर्भ देण्याचं सगळं शास्त्र मला कळलं. मी आजही वर्गात तसंच शिकवते.

खरं सांगायचं ते पुढचं. नियतकालिकाची मुदत संपायला चार दिवस होते. मी अंतिम प्रत बघायला गेले तर यासीनभाईंनी दोन पानं शेजारी-शेजारी ठेवली होती. त्या नियतकालिकाचा नियम होता, की मुलाखतीतलं प्रत्येक वाक्य देताना पुढं कंसात त्या व्यक्तीचा क्रमांक द्यायचा. ते म्हणाले, “मॅडम, गोषवाऱ्यात जेवढ्या बाया हायत, त्यात न् तक्त्यात फरक येतोय. तक्त्यात एक बाई कमी हाय. आन् चौथ्या पानावर एक वाक्य हाय, त्याला नंबर न्हाई.”

मी म्हटलं, गोषवाऱ्यातला आकडा दुरुस्त करा, वाक्य तसंच राहू द्या. ते म्हणाले, “नंबर कोणता टाकू?”

त्या बाईचं नाव मी इथं लिहिणार नाही, आणि ते वाक्यही लिहिणार नाही. खोलीमालक, पाणी, आणि रात्रपाळीहून आल्यावर बंद असलेलं फाटक, यांबद्दल ती एका दमात जे बोलली होती ते इतकं नेमकं होतं, की मी निबंधाचं शीर्षकच त्यातून घेतलं होतं. महिनाभरानं तिचा फोन आला होता. ताई, माझं बोलणं छापू नका, मालक वळखील, खोली जाईल. मी बरं म्हटलं होतं. शब्द पाळायचा म्हणून तक्त्यातून तिची ओळ काढलीही होती. फक्त वाक्य काढायचा धीर झाला नव्हता. नाव नाही, गाव नाही, क्रमांकसुद्धा नाही. मग कुणाचं काय जातं, अशी मी माझी समजूत घातली होती.

हे सगळं मी यासीनभाईंना का सांगितलं कुणास ठाऊक, पण सांगितलं. वर मी थोडी चिडूनच म्हणाले, “कुणाला कळणार आहे यासीनभाई?”

“मला कळलं की,” ते म्हणाले. “मी तर नुसता फॉरमॅट बघत व्हतो.”

आवाज चढला नाही. उपदेश नाही, मान हलवणं नाही. पानं एकावर एक ठेवून त्यांनी माझ्याकडं दिली. मी पेनड्राइव्ह घेतला आणि उठले. रागच आला होता. टायपिंग करणाऱ्या माणसानं मला संशोधनाची नीती शिकवावी का, असलं काहीतरी मनात येऊन गेलं. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते, म्हणूनच लिहिते आहे. दुसऱ्या दिवशी यवतला एका कॉम्प्युटर सेंटरवर जाऊन मी तो निबंध जसाच्या तसा पाठवायला बसले. फाइल चढली, नाव-पत्ता भरून झाला. शेवटच्या पानावर एक चौकोन होता आणि त्यापुढं ओळ होती : ‘सहभागी सर्व व्यक्तींची संमती घेतली आहे.’ तिथं खूण केल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. मी त्या चौकोनाकडं बघत बसले. सेंटरवाल्यानं दोनदा विचारलं, “झालं का ताई?” शेवटी पान बंद करून मी बाहेर आले आणि मिळेल त्या गाडीनं शिरूर गाठलं.

मला दारात बघून यासीनभाईंनी रुबीनाला शेजारची खुर्ची मोकळी करायला सांगितली. वाक्य काढणं म्हणजे एक ओळ खोडणं नव्हतं. शीर्षक गेलं, गोषवाऱ्याची सुरुवात गेली, तिसरा भाग त्या वाक्याच्याच टेकूवर उभा होता, तो सगळा नव्यानं लिहावा लागला. मी वहीत लिहायची, ते टाइप करायचे, रुबीना पंगतीतली नावं तपासायची. दोन दिवस. शीर्षक साधं झालं, सरकारी वाटावं इतकं. मुदत संपायच्या दिवशी दुपारी लेख गेला. तो चौकोन आला तेव्हा यासीनभाईंनी माऊस माझ्याकडं सरकवला. “हितं तुम्हीच करा,” एवढंच म्हणाले.

गोष्ट इथं गोड व्हायला हवी होती, पण तशी झाली नाही. तज्ज्ञांनी लिहिलं, तिसरा भाग दुबळा आहे, दाखले पुरेसे नाहीत. खरंच होतं ते. मी पुन्हा सणसवाडीला गेले, दुसऱ्या बायकांशी बोलले, पुन्हा लिहिलं, पुन्हा पाठवलं. निबंध छापून यायला वर्ष उलटलं आणि माझा प्रबंध तेवढाच लांबला. मार्गदर्शक नाराज झाले. कॉलेजात माझ्यामागून आलेले दोघं माझ्याआधी डॉक्टर झाले. यासीनभाईंना हे सगळं ठाऊक होतं. त्याबद्दल ते एकदाच बोलले, “तुमचा लई वेळ गेला मॅडम… माझ्यामुळं.” मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

त्या फेऱ्यांत ती बाई मला एकदा भेटली. तिनं आधी तेच विचारलं, छापलं का? नाही म्हटल्यावर तिनं मला आत बोलावलं, चहा टाकला. भिंतीला नवा रंग होता, पोरीचं दप्तर खिळ्याला अडकवलेलं होतं. “बरं झालं ताई,” ती म्हणाली, “खोली टिकली. पोरीची शाळा हितंच हाय.” परतताना मी मुद्दाम शिरूरला जाऊन हे यासीनभाईंना सांगितलं. ते कुणाची तरी लग्नपत्रिका जुळवत होते. हात थांबवून त्यांनी पूर्ण ऐकलं, मग विचारलं, पोरगी कितवीत हाय? मला ते ठाऊक नव्हतं. “इचारायचं ना,” म्हणाले, आणि पुन्हा पत्रिकेकडं वळले.

आता दुकान रुबीना चालवते. गेल्या आठवड्यात मी नवा लेख पाठवत होते. त्या नियतकालिकाचा नियम असा, की लेखक कोण हे तज्ज्ञांना कळता कामा नये, म्हणून फाइलच्या आतल्या माहितीतूनही नाव पुसायचं. मी तिथं कधी डोकावले नव्हते. उघडून पाहिलं तर ‘लेखक’ या रकान्यात माझं नाव नव्हतंच. इंग्रजी लहान अक्षरांत लिहिलं होतं, यासीन. लेख मी त्यांनी आखून दिलेल्या कोऱ्या फाइलवरच लिहिला होता आणि ती त्यांच्या मशीनवर तयार झालेली. रुबीनाला फोन केला तर ती म्हणाली, सगळ्यांच्याच फाइलींत तसं असेल, अब्बांनी ते कधी बदललं नाही… त्यांना बहुतेक ठाऊकही नसेल. म्हणजे शिरूर-दौंडच्या कितीतरी मास्तरांच्या कॉम्प्युटरवर इतकी वर्षं त्यांचं नाव लेखक म्हणून बसलेलं आहे. पाठवायच्या प्रतीतून मी ते काढलं, कारण नियम मोडलेला त्यांना चालला नसता. माझ्याजवळच्या प्रतीत आहे तसं राहू दिलं.