असिमीनाचे पाठीमागचे हात

आमच्या गावात लग्नाचा पलंग कसा घालायचा हे असिमीनाइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि सत्तेचाळीस वर्षांत तिने एकाही पलंगाला बोट लावलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या.

आमच्याकडे लग्नाआधीच्या गुरुवारी बायका मुलाच्या घरी जमतात. गादी मुलाकडची, चादरी आणि अभ्रे मुलीकडचे. अंथरायच्या त्या बिनलग्नाच्या पोरींनी. मग नवरदेव येतो, बघतो, नाक मुरडतो आणि सगळं ओढून जमिनीवर टाकतो. असं दोनदा. तिसऱ्यांदा म्हणतो, "आता जमलं," आणि आम्ही पलंगावर तांदूळ आणि साखरेचे बदाम उधळतो. विधवेने मात्र चादरीला हात लावायचा नाही.

असिमीनाचा नवरा लियास होडी घेऊन गेला आणि परत आला नाही, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि तिचा थ्रासोस दीड वर्षाचा. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचा पलंग होता. असिमीना काळ्या कपड्यांत आली, उंबऱ्यावर थांबली, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि बोलायला लागली. "ए पोरी, तो कोपरा ओढ! त्यावर माणसं झोपणार आहेत, अंजीर वाळवायचे नाहीत!" पलंग असा बसला की नवरदेवाला ओढताना वाईट वाटलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नाला तिला बोलावणं. हात मागे, तोंड पुढे. पोटासाठी ती बंदरावरच्या खानावळीत मासे साफ करायची, आणि थ्रासोसला शिकवून जहाजांच्या इंजिनांचा मेकॅनिक केलं तिने. गावातल्या सगळ्या पोरांचे पलंग झाले. थ्रासोसचा राहिला.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसले होते, तेव्हा ती आली. बसली नाही.

"देस्पो, थ्रासोस लग्न करतोय."

"बाई गं! पन्नाशीला टेकल्यावर का होईना! कुणाची मुलगी?"

"लाझारोस."

"लाझारोसची बहीण? त्याला बहीण आहे?"

"लाझारोस, देस्पो. स्वतः लाझारोस."

मी एकाच पानात दोनदा भात भरला. लाझारोसला मी ओळखत होते की. बारा उन्हाळे तो थ्रासोसबरोबर येत होता. थ्रासोसचा मित्र, अथेन्सला घरभाडं वाटून घेणारा. असिमीना त्याची खाट वेगळ्या खोलीत घालायची. आमचा पाण्याचा पंप त्यानेच दुरुस्त केला, आणि माझ्या हातचे हे भाताचे गुंडाळे एका बैठकीला चौदा खाल्ले होते. मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं असंही नाही. आमच्या गावात बऱ्याच गोष्टी अशाच राहतात.

"पण हे होतं का?" मी विचारलं.

"कायदा झालाय म्हणे. फेब्रुवारीत, संसदेत. सप्टेंबरात इथल्याच नगरपालिकेत लग्न."

"चर्चमध्ये?"

"वेडी आहेस का?"

त्यानंतर मी ज्याला त्याला विचारत सुटले आणि जास्तच गोंधळले. माझी कल्योपी हॉलंडात असते. ती फोनवर म्हणाली, "आई, इथे वीस वर्षांच्या वर झाली याला. कुणी मान वळवूनही बघत नाही." आमच्या ह्यांना उठवायला-बसवायला नेद्का येते, ती बल्गेरियाची. ती म्हणाली, "आमच्याकडे घटनेतच लिहिलंय, बाई आणि पुरुष. दुसरं काही नाही, देस्पोमावशी." हॉलंडहून आमच्याकडे येणारं विमान बल्गेरियावरून जात असेल, तर ह्या दोघांचं लग्न वाटेत सुटतं आणि सीमा ओलांडली की परत लागतं का? नेद्का नुसती हसली.

मग मी पापा-स्त्रातीसना गाठलं. आमचे पाद्री, मनाने सरळ माणूस.

"पापा, पाप आहे का हे?"

"चर्च या लग्नाला मानत नाही, देस्पो."

"ते कळलं. पण पलंग?"

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "पलंग आमच्या कुठल्याच पोथीत नाही. तो तुम्हा बायकांचा कारभार. मला कशाला विचारतेस?"

"मग जाऊ का नको?"

"मला कमी विचारत जा," ते म्हणाले आणि मेणबत्त्यांची खोकी मोजायला लागले.

असिमीना रीतीप्रमाणे घरोघरी आमंत्रण देऊन आली. त्या आठवड्यात गावात जेवढे गुडघे दुखले तेवढे अख्ख्या हिवाळ्यात दुखले नव्हते. जिच्या तिच्या पोरीला परीक्षा, जिला तिला तालुक्याला काम. ज्यांचे पलंग असिमीनाने उंबऱ्यावरून ओरडून ओरडून सरळ केले होते, त्याच ह्या बायका.

मला तिने विचारलं, "तू?"

"बघते."

"बघतेस काय? जिना तोच आहे. सत्तेचाळीस वर्षं चढतेयस."

"असिमीना, तुला स्वतःला पटलंय का हे?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण माझ्या पोराचा पलंग झाल्याशिवाय मी मरणार नाही, एवढं माहीत आहे. सगळ्या गावाचे झाले. माझ्याच पोराला उघड्या गादीवर झोपवू?"

लग्नाआधीच्या गुरुवारी दुपारी मी गेले. रिकाम्या हाताने, नुसतं बघायला. खोलीला नवा चुना लावलेला. पलंगावर कोरी गादी. आणि असिमीना खिडकीतून रस्त्याकडे बघतेय.

"कुणाची वाट बघतेस?"

"लाझारोसच्या आईची. चादरी घेऊन येईल ना."

एवढ्यात खाली एक मोटार थांबली. टपावर दोरीने बांधलेली भली मोठी गादी. गाडीतून एवान्थिया उतरली, लाझारोसची आई, उत्तरेकडच्या कोझानीची, अंगाने भरलेली, घामाने डबडबलेली. गादी वर आणायला थ्रासोस आणि लाझारोस दोघे लागले.

असिमीना म्हणाली, "विहीणबाई, गादी कशाला आणलीत?"

"म्हणजे? मी वरमाई. गादी मुलाकडची."

"वरमाई मी आहे!"

"मग मी कोण?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग असिमीनाने हळूच विचारलं, "चादरी?"

"चादरी तुमच्याकडून ना?"

"माझ्याकडून कशा? मी काय मुलीची आई आहे?"

"मग मी आहे का?"

पोरं गादी धरून दारात उभी. थ्रासोस म्हणाला, "आई, कपाटातली कुठलीही चादर चालेल गं."

"गप्प बस!" दोघी एकदम ओरडल्या. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

एवान्थिया आणलेली गादी परत न्यायला तयार नव्हती. अपशकुन, म्हणाली. असिमीना आपली काढायला तयार नव्हती. शेवटी एकावर एक घातल्या. पलंग माझ्या छातीपर्यंत आला. दोन गाद्या आणि चादर एकही नाही. असिमीना जिन्याच्या पायरीवर बसली. तिला इतकी लहान झालेली मी लियास गेला तेव्हाच पाहिली होती.

मी घरी गेले. माझ्या पेटीत कल्योपीच्या लग्नासाठी विणलेली चादर होती, सगळ्या काठाला डाळिंबांची वेल. कल्योपीने तिकडे लग्न केलं आणि म्हणाली, "आई, इथे सगळं दुकानात मिळतं." एकवीस वर्षं ती चादर लव्हेंडरमध्ये झोपली होती. नेद्काने विचारलं, "कुणासाठी काढताय?" मी म्हटलं, "माहीत नाही." खोटं नव्हतं. जिना चढेपर्यंत मी तीनदा थांबले, आणि दर वेळी गुडघ्यामुळे नाही.

असिमीनाने चादर पाहिली, मला पाहिलं. "ही कल्योपीची."

"होती."

आता अंथरणार कोण? बिनलग्नाची पोर एकही आली नव्हती. एवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज झाला आणि मारिगो वर आली. पोस्टमास्तरांची बहीण, वय अडुसष्ट.

"माझं लग्न झालेलं नाही," ती धापा टाकत म्हणाली. "तीस वर्षांची झाले आणि तुम्ही मला पलंगाला बोलवायचं बंद केलंत. नियमाने मी अजून पोरच आहे. आण ती चादर."

असिमीना उंबऱ्यावर गेली, हात मागे धरले आणि सुरू झाली. "मारिगो, उजवीकडे! अगं, डाळिंबं वर! भिंतीला दाखवायचीत का?" मारिगो एकटीच पलंगाभोवती फिरत होती. पलंग एवढा उंच की तिला टाचा उचलाव्या लागत होत्या. कसाबसा झाला.

दोघे दारात आले. दोन नवरदेव, आणि ओढायचं कुणी हे कुणालाच माहीत नाही.

लाझारोस म्हणाला, "छान झालंय, मारिगोकाकू."

"छान?" असिमीना कडाडली. "पहिल्यांदा कधी छान होतं का? ओढ!"

"मी?"

"दोघंही! एक इकडून, एक तिकडून!"

त्यांनी ओढलं. चादर मधे ताणली गेली. मारिगोने परत अंथरली. परत ओढली. तिसऱ्यांदा तिने चादर उचलली आणि तशीच खुर्चीत बसली. "कंबर गेली," ती म्हणाली. "मला माफ करा."

चादर अर्धी पलंगावर, अर्धी खाली. एवान्थियाचा नवरा आदल्या वर्षीच वारलेला, ती मागे सरली. मी लग्न झालेली बाई, माझे हे असून नसल्यासारखे असले तरी आहेत, पण अंथरायचा मान रीतीने माझाही नाही. मी असिमीनाकडे पाहिलं. ती पोराकडे बघत होती. थ्रासोस खाली वाकला, चादर स्वतःच उचलायला.

"तू नको!" ती म्हणाली. "आपला पलंग आपणच घालतं का कुणी कधी?"

आणि तिचे हात पाठीमागून पुढे आले.

मारिगोने छातीवर क्रॉसची खूण केली. असिमीनाने चादरीचं टोक धरलं, झटकलं, गादीखाली खोचलं. दुसरं टोक. तिसरं. सत्तेचाळीस वर्षं दुसऱ्यांवर ओरडलेल्या बाईचा चौथा कोपरा वाकडा बसला, चांगला दोन बोटं वाकडा. दुसऱ्या कुणाचा असता तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. ती मागे झाली आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

थ्रासोस पलंगाकडे बघत राहिला. मग त्याने लाझारोसकडे पाहिलं. लाझारोसने मान डोलावली.

"आता जमलं," थ्रासोस म्हणाला.

आम्ही तांदूळ उधळले. एवान्थियाने मला कानात विचारलं, "पलंगावर बाळ लोळवायचं का? आमच्याकडे लोळवतात, लवकर मूल व्हावं म्हणून." मी म्हटलं, "ते आज मला नका विचारू."

शनिवारी लग्न झालं. रविवारी चर्चमध्ये पापा-स्त्रातीसनी मला आणि असिमीनाला सगळ्यांसारखाच प्रसादाचा पाव दिला, फक्त आमच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. त्या गुरुवारी पाप कुठलं झालं, त्या दोघांचं, विधवेने चादर धरली ते, की माझी पेटी उघडली ते, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. काहीच झालं नसेल, तर मग इतकी वर्षं आम्ही कशाला सांभाळत होतो, तेही कळत नाही.

घरी येताना असिमीनाने विचारलं, "देस्पो, चौथा कोपरा वाकडा होता ना?"

"होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तो वाकडा म्हणायचा की नाही, तेच कळेना."

ती थोडी चालली. मग म्हणाली, "वाकडाच होता," आणि हात पाठीमागे न घेता जिना चढली.