लाल शाईतली ‘बाहेरची’

मंडळी, आत्ताच गेवराईला एसटीतून उतरले आणि घरी जायच्या आधी सायबर कॅफेत शिरले. मला एमडीला अ‍ॅडमिशन मिळाली!

जन्म गेवराईचा, पण एमबीबीएस दुसऱ्या विद्यापीठातून केलं. म्हणून आपल्या भागातल्या विद्यापीठाच्या क्लार्कनं माझ्या फॉर्मवर लाल शाईनं ‘बाहेरची’ लिहून तो परत केला होता. पीजीच्या सगळ्या जागा म्हणे त्यांच्याच पदवीधरांना! आम्ही हायकोर्टात गेलो. कोर्टानं सांगितलं, निम्म्या जागा त्यांना ठेवा, बाकीच्या मेरिटवर भरा.

आज गावचा बाजार, तरी बाबा किराणा दुकान बंद ठेवून विद्यापीठात सोबत आले. मी नवा फॉर्म घ्यायला निघाले तर म्हणाले, "नवा कावून? ह्योच द्यायचा."

त्याच क्लार्कला स्वतःची लाल अक्षरं खोडून सही करावी लागली. मग हसून म्हणतो कसा, "मॅडम, गाव कोणतं?"

"गेवराई."

"मग तुम्ही आपल्याच की!"

बाबा म्हणाले, "आपलीच हाय, हे कळायला हायकोर्ट लागलं व्हय?"

असा एखादा कागद तुमच्याकडंही असेल. फाडला तर नाहीत ना?