धूर विकणारा सातवा

ओरेस्ते बार्देल्ली या म्हाताऱ्या गुराख्याला कुणी त्याच्या मुलांबद्दल विचारलं, की तो एकेकाचं नाव घेऊन सावकाश सांगायचा. थोरला घोड्यांवर आहे, त्याच्या पाठचा खाणीत आहे, अमका ग्रोसेतोला मालगाडी चालवतो. सगळ्यांत शेवटी सेत्तीमिओची पाळी आली, की टोपी मागं सारून म्हणायचा, "आणि सातवा धूर विकतो."

सेत्तीमिओ म्हणजे सातवाच. सहाव्यापर्यंत बारशाला नावं सुचत होती, पुढं घरात कुणाला तेवढा दम उरला नव्हता. आणि धुराचं म्हणाल, तर चित्रकथेतल्या माणसाच्या तोंडातून बोलण्याचा जो पांढरा फुगा निघतो, त्याला आमच्याकडं इटलीत इवलासा धूर म्हणतात. त्या फुग्यावरून अख्ख्या चित्रकथेलाही तेच नाव पडलंय. म्हणजे म्हातारा खोटं काहीच बोलत नव्हता. सेत्तीमिओ चित्रकथा काढायचा. मिलानचा एक प्रकाशक दर आठवड्याला त्याचा 'सॅम बुफेरा' छापायचा. टेक्सासचा गुराखी, उंच, अबोल, नेम अचूक.

सेत्तीमिओनं टेक्सास कधी पाहिलं नव्हतं. मिलानसुद्धा एकदाच पाहिलं होतं, तेही पावसात. पण घोडा त्याच्या हातात होता. लहानपणी त्यानं कोळशानं तबेल्याची भिंत भरवून टाकली, तेव्हा बाप पट्टा घेऊन आत शिरला आणि भिंतीसमोर थबकला. "या घोडीचा पुढचा डावा पाय असा उचललेला का?" पोरगं म्हणालं, "ती तशीच उभी राहते." ओरेस्ते तसाच मागं वळला, दावणीवरच्या घोडीचा खूर उचलून बघितला, तर आत खडा रुतलेला. त्यानं खडा काढला, पट्टा कमरेला बांधला आणि या विषयावर पुढं कित्येक वर्षं एक अक्षर काढलं नाही. भिंत मात्र कुणाला पुसू दिली नाही.

तर असा सगळा संसार सॅमच्या पाठीवर बसून चाललेला. चित्रं सेत्तीमिओची, धुरातली अक्षरं त्याच्या बायकोची, इओलांदाची. स्वयंपाकघरातलं टेबल एकच. एका टोकाला कांदे चिरायचे, दुसऱ्या टोकाला टेक्सास. पहिले काही महिने सॅमनं नुसत्या गोळ्या झाडल्या आणि घोडा दौडवला, तोवर ठीक होतं. मग एका अंकात त्याला गुरांचा कळप नदीपार न्यायचा होता. सेत्तीमिओनं मन लावून पानं काढली, मिलानला धाडली, आणि दोन दिवसांनी बारमधला फोन वाजला.

गावात फोन तो एवढाच. बारवाली फोस्का बाई फोन उचलायची, ज्याचा असेल त्याला हाक मारायची आणि मग पत्त्यांचे डाव आपोआप थांबायचे.

"सेत्तीमिओ," पलीकडून दोत्तोर ब्रुसाती म्हणाले. ते प्रकाशनाचे संपादक; आमच्याकडं शिकलेल्या कुणालाही दोत्तोर, म्हणजे डॉक्टर, म्हणतात. "या सॅमच्या हातात काय आहे?"

"कुठल्या पानावर, दोत्तोर?"

"सगळ्या पानांवर."

सेत्तीमिओनं जरा आठवून बघितलं. "आकडी."

"कसली आकडी?"

"गुरं वळायची. लांब काठी असते, टोकाला आकडा. घोड्यावरून न उतरता फाटकही उघडता येतं."

"फाटक," ब्रुसाती म्हणाले. "टेक्सासमध्ये दोर फेकतात, बाबा. दोर. तू सिनेमा बघत नाहीस का?"

खरं म्हणजे काढताना सेत्तीमिओच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. आमच्या मारेम्मात, या गुराख्यांच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला गुरांत शिरणारा घोडेस्वार काढायला सांगितलं, की हात आपोआप आकडी काढतो. त्यात त्यानं गुरांनाही इकडचीच लांब वळणदार शिंगं दिली होती. ती ब्रुसातींनी पोटात घातली. आकडीला माफी नव्हती.

"पानं परत धाडलीत. शुक्रवारच्या गाडीनं दुरुस्त होऊन इथं आली पाहिजेत. नाही आली तर सॅम मी इथल्याच एकाला देतो. त्याला घोडा येत नाही, पण दोर येतो."

सेत्तीमिओनं फोन खाली ठेवला. पत्ते खेळणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "खाणीत माणसं घेतायत म्हणे."

"तुला कुणी विचारलं?" फोस्का म्हणाली आणि सेत्तीमिओपुढं न सांगता वाइनचा पेला ठेवला.

पण तो बोलला ते खरंच होतं. सॅम गेला की उरली खाण. सेत्तीमिओचा भाऊ तिथं होता, त्याचा खोकला रात्रभर दोन घरं ऐकायची.

घरी जाऊन त्यानं पाठवायच्या आधी काढून ठेवलेल्या कच्च्या रेघांवरून अंदाज घेतला, आणि परत आलेली पानं टपालातून मिळाली तशी ब्लेड घेऊन बसला. काठी खरवडता येत होती, वर पांढरा रंगही बसत होता. पण मूठ काय करायची? काठी धरलेली मूठ वेगळी आणि दोर धरलेली वेगळी. खांदा वेगळा, घोड्याची मान वेगळी. एक पान बदललं तर सॅम चाबूक हरवलेल्या सर्कसवाल्यासारखा दिसायला लागला.

तेवढ्यात ओरेस्ते जेवायला आला. पाव, कांदा आणि वर एक अंडं सोडलेलं सूप पुढ्यात घेऊन बसला, पण नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडं.

"काय रे, धूर संपला वाटतं?"

"आकडी पुसतोय, बाबा. मिलानला नकोय."

"पुस की. मग याच अंकात त्याचं मयतही काढ. रिकाम्या हातानं कळपात शिरलेला माणूस शिंगावरच जायचा."

"तिकडं दोर फेकतात."

"दोर फेकायला सर्कस लागते," म्हातारा म्हणाला. "गुरांना अक्कल लागते आणि आकडी." त्यानं सुपात पाव बुडवला आणि एक पान तेलकट बोटांनी जवळ ओढलं. इओलांदानं त्याच्या हाताखाली फडकं सरकवलं. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. "आकडी झकास आहे हो. चांगल्या लाकडाची. टेक्सासवाल्याला ही दिली कुणी?"

सेत्तीमिओनं ब्लेड घासायला घेतलं. इओलांदानं मात्र हातातला कांदा खाली ठेवला.

"काय म्हणालात, बाबा?"

"म्हटलं, दिली कुणी."

"ब्लेड इकडे दे," ती नवऱ्याला म्हणाली. "चित्राला हात लावू नकोस. धूर बदलू."

फुग्यांतली जुनी अक्षरं तिनं खरवडून काढली. सॅमला कुणीतरी विचारतं, दोर कुठाय तुझा? आणि सॅम म्हणतो, ही काठी मारेम्माच्या एका म्हाताऱ्यानं दिलीय. तो म्हणतो, दोर फेकायला सर्कस लागते, गुरांना अक्कल लागते आणि आकडी. शब्दन् शब्द सासऱ्याचा. सेत्तीमिओनं फक्त शेवटचं चित्र नवं काढलं. टेकडीवर घोड्यावर बसलेला एक म्हातारा, टोपी मागं सारलेली, मिशा खाली वळलेल्या, दूरवरून सॅमकडं बघतोय. तोंडातून धूर नाही. सेत्तीमिओ म्हणाला, "याला पहिल्याच दिवशी बोलायला लावलं तर तो थांबायचा नाही."

शुक्रवारची गाडी त्यांना मिळाली. सोमवारी फोन वाजला, आणि फोस्कानं हाक मारायच्या आत अर्धा गाव बारमध्ये होता.

"हा म्हातारा कोण?" ब्रुसातींनी विचारलं.

"आमच्या इकडचा आहे. गेला असेल बोटीनं कधीतरी."

खाणीची बातमी देणाऱ्यानं पत्ते छातीशी धरलेले.

"मी दोनदा वाचलं," ब्रुसाती म्हणाले. "टाइप जुळवणारे हसत होते म्हणून खाली जाऊन आलो, तर तेही तेच वाचत होते. पुढच्या अंकात तो मला टेकडीवरून खाली उतरलेला हवा. आणि बोलका हवा."

"त्याची काळजी नको, दोत्तोर," सेत्तीमिओ म्हणाला.

चित्रातल्या म्हाताऱ्याचं नाव स्पीनो ठेवलं, म्हणजे काटा. वर्षभरात सॅमपेक्षा पत्रं स्पीनोला जास्त यायला लागली. ओरेस्तेला यातलं कुणी सांगितलं नव्हतं, आणि तो छापलेलं काही वाचायच्या भानगडीत पडत नसे. एका शनिवारी न्हाव्याकडं तोंडाला साबण लावून बसलेला असताना न्हावी कुणाला तरी सॅमचा नवा अंक मोठ्यानं वाचून दाखवायला लागला. ओरेस्ते अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आला.

"परवा सूप अळणी झालंय असं मी कुणाला म्हणालो होतो?"

"आम्हाला, बाबा," सेत्तीमिओ म्हणाला.

"मग टेक्सासला कसं कळलं?"

इओलांदानं कमरेच्या फडक्याचं टोक तोंडाला लावलं. सेत्तीमिओ खुर्चीवरून उठून उभा राहिला, लहानपणी तबेल्यात उभा होता तसा. म्हाताऱ्यानं खिशातून न्हाव्याचा अंक काढला, टेबलावर सपाट केला आणि बोट ठेवलं.

"आकडी डाव्या हातात दिलीयस. मी काय मेलो होतो विचारायला?"

त्यानंतर तो रोज संध्याकाळी जेवणाच्या आधीच यायला लागला. घसा खाकरून म्हणायचा, "लिहून घे, सूनबाई."

"बाबा, धुरात मावत नाही. थोडक्यात बोला."

"टेक्सास एवढं मोठं आहे म्हणता आणि मला जागा नाही?"

मे महिन्यात वासरांना डाग द्यायच्या दिवशी गावाच्या मैदानावर दरवर्षी आमचीच माणसं असायची. त्या वर्षी तीन बसगाड्या भरून पोरं आली, त्यांचे बाप आले, आणि पांढरे बूट घालून खुद्द ब्रुसाती आले. ओरेस्तेनं घोड्यावरून वाकून आकडीनं त्यांच्यासाठी फाटक उघडलं. "दोत्तोर ना तुम्ही? मग माझा गुडघा बघा," म्हणाला. पोरं कठड्यावर चढून स्पीनो, स्पीनो म्हणून ओरडत होती. म्हातारा कळपात शिरला, एक उर्मट वासरू आकडीनं अलगद बाजूला काढलं आणि मुद्दाम मैदानाला अख्खा वळसा घालून परत आला. सेत्तीमिओ कठड्याला टेकून उभ्या उभ्या चित्र काढत होता.

कुणी एक शहरी बाप मुलाला खांद्यावर घेऊन पुढं आला. "बाबा, तुम्ही खरे गुराखी का? काय करता तुम्ही?"

ओरेस्तेनं टोपी मागं सारली. सगळ्या गावाला पुढचं वाक्य पाठ होतं.

"आम्ही धूर विकतो," तो म्हणाला. मग आकडीचं टोक सेत्तीमिओकडं वळवलं. "तो सातवा माझ्या हाताखाली आहे."