सोड्यावर घातलेला आळ

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ का बोलतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखत असता तर बहुधा भला माणूस म्हणूनच ओळखत असता — धारवाडात मला तसंच ओळखतात. शाळेत विज्ञान शिकवतो, कुणाच्या अध्यात मध्यात नसतो, आवाज चढवत नाही. हे सगळं खरं आहे. आणि तरीही.

गोष्ट मोटारीच्या बॅटरीची आहे. म्हणजे सुरुवात तिथून होते.

पण त्याआधी अप्पांच्या घराविषयी सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. माझे वडील कलघटगीच्या बाजारात धान्याची मापं घालत. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिक झालेलं कुणी नव्हतं. मी धारवाडला शिकायला आलो तो वार लावून — आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचं. गुरुवार अप्पांकडे होता. अप्पा वकील, घर मालमड्डीत. त्यांच्या पत्नीला सगळा गाव अक्का म्हणायचा, मीही म्हणायचो. इतर घरी मला वाढत. अक्का मला विचारून वाढत. हा फरक ज्याने वारावर दिवस काढले त्यालाच कळेल. पुढे माझा गुरुवार वाढत वाढत सगळा आठवडा झाला, आणि बी.एस्सी. होईपर्यंत मी त्यांच्या माडीवर राहिलो. माझ्या फीपासून माझ्या चष्म्यापर्यंत सगळं त्या घरातून आलं. हे मी आजही कृतज्ञतेने सांगतो. ही कृतज्ञता माझ्या आड आली असं मात्र म्हणणार नाही. आड आलं ते दुसरंच.

युद्धाच्या आधीची गोष्ट. मी नुकताच पास झालो होतो. अप्पांच्या मोटारीची बॅटरी बसली. दिवे पिवळे पडायचे, बटण दाबलं की गाडी नुसती कण्हायची, आणि मग खाली उतरून हँडल मारायचं. अप्पांचा खांदा दुखरा, त्यांना ते झेपेना. मोटारीच्या एजंटाचं दुकान हुबळीला. त्याने कळवलं की गाडी आणून ठेवा, माणूस मोकळा झाला की बसवू, आठवडाभराने घेऊन जा.

"आठवडाभर मी काय कोर्टात टांग्याने जाऊ?" अप्पा म्हणाले.

आणि मी म्हणालो, "त्यात एजंटाकडे जाण्यासारखं काय आहे, अप्पा? मी बसवतो की."

"तू? अरे, ॲसिड असतं त्यात. अंगावर बिंगावर घेशील."

"केमिस्ट्री घेऊन पास झालोय, अप्पा."

ते हसले. खूश झाले, हे मला दिसलं. त्यांनी इतकी वर्षं पोसलेल्या पोराच्या हातून त्यांच्या घराला पहिल्यांदाच काही मिळणार होतं — मलाही तसंच वाटलं. यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. म्हणूनच इथपर्यंतचं सांगायला मला सोपं जातं.

हुबळीला दुर्गदबैल बाजाराच्या कडेला सुट्या भागांचं एक दुकान होतं. तिथून नवी बॅटरी घेतली, ॲसिड भरलेली, चार्ज केलेली. रॉकेलच्या खोक्यात गवत घालून ती मांडीवर धरून रेल्वेने धारवाडला आणली. अप्पांच्या गाडीत बॅटरी पायाखालच्या फळीखाली, एका अरुंद खळग्यात असायची. फळी काढली. जुनीच्या शिशाच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड चढली होती, त्यावर गरम पाणी ओतलं. कुठली तार कुठे होती ते खडूने लिहून ठेवलं. नट सोडवले, जुनी वर काढली. सगळं पुस्तकात असावं तसं झालं. अडचण आली ती नवी खाली सोडताना. खळगा असा की हात कडेने आत जात नव्हते. खालून काहीतरी घालून झोळीसारखी धरून सोडली तर बसली असती.

मागच्या पडवीत धुण्याचं बोचकं पडलं होतं. त्यातलं वरचं धोतर मी घेतलं. अप्पांचंच होतं. मळकं होतं, धुवायला जाणारच होतं — असा मी विचार केला. धोतराची झोळी केली, बॅटरी त्यात उचलली. आत सोडताना ती कलली. एक बूच नीट बसलेलं नव्हतं.

धोतर ओलं झालं. फार नाही.

माझ्या बोटाला खरचटलं होतं, तिथे आग झाली. तेव्हा मी काय केलं? मोरीवर गेलो, धुण्याचा सोडा घेतला, पाण्यात कालवून हात धुतले. ॲसिडवर सोडा हा उतारा आहे, शाळकरी पोरालाही मी आज हे शिकवतो. हात धुतले, आणि धोतराची घडी करून पुन्हा बोचक्यात ठेवली. तसंच. सोड्याचं पाणी समोर बादलीत होतं. ते धोतर त्यात एकदा बुडवलं असतं, तर मला आज हे सांगावं लागलं नसतं. पण बाहेरून अप्पा हाक मारत होते, गाडी सुरू करून बघायची होती. बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली.

त्या संध्याकाळी अप्पांनी मला गाडीत बसवून अख्ख्या मालमड्डीतून फिरवलं. येईल त्याला सांगत होते, "एजंटाकडे गेलोच नाही. आमच्या वामनने घरच्या घरी बसवली." कोर्टात सांगितलं, क्लबात सांगितलं. माझ्या वडिलांना कलघटगीला पत्र घातलं. मला इतका आनंद मी पास झालो तेव्हाही झाला नव्हता.

आता निंगव्वाचं.

निंगव्वा त्या घरची परटीण. तिची सासू त्याच घरी धुणं न्यायची, सासूनंतर ती. परटांची घरं अशीच चालत येतात, जमिनीसारखी. सणाला त्या घरून ताट, लग्नाकार्यात लुगडं. मला वार होते, तिला घरं होती. मागच्या पडवीत आम्ही दोघं कित्येकदा एकाच वेळी बसलेलो आहोत — ती बोचकं बांधत, मी पुस्तक घेऊन. माझ्याशी ती मराठीत बोलायची, मध्येच कानडीत घसरायची, वाक्याला सवयीने कानडी 'री', म्हणजे 'हो', जोडायची, आणि मला "शाण्या" म्हणायची. "शाण्या, किती वाचतोस री? डोळं जातील." पुढे चष्मा लागला तेव्हा म्हणाली, "बघ, मी सांगितलं होतं की नाही."

बोचकं ती दोन-चार दिवसांनी घेऊन गेली. केलगेरीच्या तळ्यावर धुऊन, वाळवून, घड्या करून परत आणलं. अक्का नेहमीसारख्या एकेक घडी मोजून घेत होत्या. मी माडीवर होतो. खालून अक्कांचा आवाज आला, मोठा नाही — "अगं, हे काय झालं ग?"

ॲसिडचं हेच तर आहे. सुती कापडावर पडतं तेव्हा काही दिसत नाही. वाळतं, आतल्या आत सूत खातं, आणि कापड पाण्यात पडलं की तिथून विरून जातं. धुणाऱ्याच्याच हातात भोक पडतं.

धोतराची चाळण झाली होती, पण धोतराचं कोण काय म्हणणार. त्याच्याखाली बोचक्यात अक्कांचं इरकल लुगडं होतं. त्यांच्या आईने दिवाळीला पाठवलेलं. त्यानंतर आईची दिवाळी झाली नव्हती. ते जिथे धोतराला चिकटून राहिलं होतं तिथे त्याच्यात बोट घातलं की बोट पलीकडे निघत होतं.

मी माडीवरून उतरून जिन्यात उभा होतो. मला बघताक्षणी कळलं. कसं, तेही सांगतो. इरकलीचं अंग सुती असतं आणि पदर रेशमी. डाग पदराच्या सांध्यावरून गेला होता. सूत गेलं होतं आणि रेशीम जसंच्या तसं होतं. सोड्याने उलटं होतं — जास्त झालेला सोडा आधी रेशीम खातो, सुताला तो तितका लागत नाही. त्या घरात हे वाचता येणारा एकच माणूस होता. आणि तो जिन्यात उभा होता.

निंगव्वा म्हणत होती, "नाही री अक्कार, मी रोजच्यासारखाच सोडा घातला. जास्त नाही घातला री." पण तिच्या आवाजात खात्री नव्हती. ती पुन्हा पुन्हा भोकातून बोट घालून बघत होती.

अप्पा बाहेर आले. त्यांनी मला पाहिलं. वकीलच ते, जरा गमतीनेच म्हणाले, "थांबा. घरात तज्ज्ञ असताना आपण कशाला भांडायचं? वामन, तू सांग. सोड्याने कापड जळतं का?"

तुम्हाला वाटेल, मी घाबरलो होतो. कशाला घाबरायचं? अप्पांनी मला काय केलं असतं? हसले असते. "तरी सांगत होतो, अंगावर घेशील" म्हणाले असते. अक्कांनी लुगड्यासाठी डोळे पुसले असते आणि रात्री मला विचारूनच वाढलं असतं. माझं अन्न जाणार नव्हतं, माडीवरचा आसरा जाणार नव्हता. जाणार होती ती त्या संध्याकाळची मोटारीतली फेरी. 'आमच्या वामनने घरच्या घरी बसवली' — हे वाक्य जाणार होतं. एवढंच.

मी म्हणालो, "सोडा जास्त झाला आणि कापड त्यात उकळलं, तर सूत कमजोर होतं."

वाक्य अगदीच खोटं नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं सांगण्याची ती एक शिकलेली पद्धत आहे.

निंगव्वाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. विद्यार्थी उत्तर चुकल्यावर बघतो तसं. मग तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "असंल री. शाण्या म्हणतोय म्हणजे असंल."

कुणी तिला बोललं नाही. अक्का तशा नव्हत्याच. पुढच्या वेळी दुसरा परीट आला, इतकंच. पण एका घरचं धुणं सुटलं की शेजारी विचारतात का सुटलं. निंगव्वाच्या हातून सोडा जास्त पडतो, असं गल्लीत झालं. एकेक करून तिची घरं गेली. मी त्याच गल्लीतून शाळेत जात होतो — मला मास्तरकी मिळाली होती — आणि कुणाच्या पडवीत कोण बोचकं बांधतंय ते मला दिसत होतं. बोलायला मला रोज संधी होती. मग युद्ध आलं, अप्पा गेले, त्यांच्या मागोमाग अक्का गेल्या. अक्का आजारी असताना मी उशाशी बसायचो. तेव्हाही नाही बोललो.

मागल्या वर्षी आईला भेटायला कलघटगीला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. रिठे विकणाऱ्या बाईसमोर एक म्हातारी बसून एकेक रिठा निवडून घेत होती. तिनेच मला ओळखलं, चष्म्यावरून.

"शाण्या," ती म्हणाली, आणि मग माझा कोट बघून "मास्तर" म्हणाली. लेकीकडे राहते, इथे थोडी घरं मिळाली आहेत. लेकीच्या सुनेलाही काम शिकवते आहे. मुलं किती, आई कशी आहे, अक्का गेल्याचं ऐकलं री, फार वाईट वाटलं — सगळं बोलली. मी रिठ्यांकडे बघत होतो. तिच्या ते लक्षात आलं.

"सोड्याला त्या दिवसापासून शिवले नाही री. रिठ्यानं वेळ लागतो, हात दुखतात, पण कापड राहतं. सुनेलाही सांगितलंय, सोडा घालशील तर बघ." मग हसून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं, मास्तर. नाहीतर मी म्हणतच बसले असते, माझं काही चुकलं नाही म्हणून."

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. रिठेवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. मी मान हलवली.

निंगव्वाने आपल्या पदरातले ओंजळभर रिठे माझ्या पिशवीत टाकले. घरी द्या, म्हणाली.

ते मी धारवाडला आणले. बायकोने पिशवी रिकामी करताना विचारलं, हे कुणी दिले?

बाजारात घेतले, मी म्हणालो.